नैवेद्याआधीच्या नेवऱ्या

माझ्या पोटावर दोन टाके आहेत. एक आडवा, तो थोरल्या तनूचा. एक उभा, तो धाकटीचा. दोन्ही जिथे भेटतात तिथे अधिकचं चिन्ह झालं आहे. माझा नवरा विनू म्हणतो, "देवाने तुला वरचे मार्क देऊन पास केलंय, त्याचीच ही खूण." त्याचे विनोद हे असेच असतात, चालवून घ्यावे लागतात.

हे लिहायला मला इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. "आम्ही सांगतो ते बायकांच्या डोक्यावरून जातं, तुमचं कळेल," म्हणाल्या. तेव्हा ज्यांचं आधीचं बाळंतपण सिझेरियनने झालंय आणि आता पुन्हा दिवस गेलेत, त्यांच्यासाठी हे आहे. घाबरवायला नाही. घाबरायचं सगळं काम मी आधीच करून ठेवलंय, तुम्ही नुसतं वाचा.

वार कुठे बसली

मी मूळची डिचोलीची. बाबांनी जन्मभर खाणीवरचा मातीचा ट्रक चालवला. लग्न होऊन मी मांद्र्याला आले. इथे आमचं मूळ घर आहे आणि शेजारी पर्यटकांना द्यायच्या चार खोल्या. घरात मी, विनू, तनू आणि सासूबाई. सासूबाईंना सगळा वाडा, म्हणजे आमची वस्ती, माई म्हणतो. त्या शिरोड्याच्या, त्यामुळे अजून ठसक्यात मालवणी बोलतात. सोवळ्याला इतक्या कडक की आमचं मांजरसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबून आधी त्यांच्या तोंडाकडे बघतं.

तनू सहा वर्षांची झाली आणि मला पुन्हा दिवस गेले. हे मूल मला हवं होतं, विनूपेक्षाही जास्त. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली तेव्हा इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "वार खाली आहे." मी म्हटलं, बरं. मला वाटलं, सामान वरच्या फळीवर नसेल तर खालच्या फळीवर असेल, त्यात काय. त्यांनी मग कागदावर चित्र काढून दाखवलं. बाळाला पोसणारी वार सहसा गर्भपिशवीत वरच्या बाजूला धरते. माझी बरोबर खाली, दार अडवून बसली होती, आणि तीही तनूच्या वेळच्या जुन्या टाक्यावर. "पुष्कळदा महिने वाढतात तशी वर जाते. थांबून बघू."

सातव्या महिन्यात पुन्हा बघितलं. गेली नव्हती. उलट जुन्या टाक्यात रुतल्यासारखी दिसत होती. त्या दिवशी आम्हाला पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई अंगाने लहानखुऱ्या, बोलायला एकदम सरळ. त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की बाळ ठरवून, दिवस भरायच्या आधीच पोट उघडून काढावं लागेल. वार सुटली नाही तर ओढायची नाही, पिशवीसकट काढायची. रक्त खूप जाऊ शकतं, म्हणून रक्त देणारी माणसं आधीपासून सांगून ठेवा. ऑपरेशनच्या आधी काही दिवस इथेच येऊन राहा.

"आणि एक गोष्ट," त्या म्हणाल्या. "रक्ताचा एक डाग जरी दिसला, दुखत नसलं तरी, त्याच पावली निघायचं. वाट बघायची नाही."

मी मान डोलावली. ही मान लक्षात ठेवा.

परत येताना विनूने म्हापशापर्यंत गाडी एकदम हळू चालवली. मग म्हणाला, "आपल्याला दुसरं नकोच होतं बहुतेक." तो घाबरून बोलला हे आता कळतं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांत मी मसाल्याच्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि तनूच्या गणवेशाच्या खणावरसुद्धा. विनूने तिसऱ्या दिवशी हळद, तिखट, धणे असं सगळं वाचलं आणि कट्ट्याला टेकून रडायला लागला. मी कुठेही जाणार नाहीये असं मग मलाच त्याला सांगावं लागलं.

सोयराची धास्ती

आता जे सांगते ते गोव्याबाहेरच्यांना नीट कळावं म्हणून जरा मागून सुरू करते. आमच्याकडे चवथ म्हणजे वर्षाचा मुख्य सण. तिघा भावांची कुटुंबं असली तरी गणपती एकच, मूळ घरात, म्हणजे आमच्याकडे. मूर्तीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, पानं, सुपाऱ्यांचे घोस बांधतात, ती माटोळी. आणि कुळात कोणी गेलं तर सुतक, मूल झालं तर सोयर. दोन्हींत दहा दिवस देवाला हात लावायचा नाही.

आदल्या वर्षी सासरे चवथीच्या आधी आठ दिवस गेले. गणपती आला नाही. माई दिवसभर रिकाम्या पाटाकडे बघत बसल्या होत्या, ते मी विसरलेली नाही. त्यामुळे या वर्षी सगळ्यांनी जोर धरला होता. डॉक्टरबाईंनी दिलेली तारीख चवथीनंतर अडीच आठवड्यांची होती. सगळा वाडा सुटकेचा निःश्वास टाकून माझी थट्टा करायला मोकळा झाला. विनूचा चुलतभाऊ बाबल घुमट वाजवतो. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याचं आमचं वाद्य, आरतीला तेच लागतं. बाबलचा घुमट तीन वाड्यांना ऐकू जातो आणि त्याचा आवाज चौथ्या. तो अंगणातून ओरडायचा, "वहिनी, बाळाला तारीख सांगितलीस ना?"

माई तर रोज माझ्या पोटाकडे बघून म्हणायच्या, "पोराक सांग गो, चवथ झाल्यावर ये म्हणान. घोळ घालू नको म्हणा."

मी हसायचे. माझ्या पोटातलं पोर काही ऐकणारं नाही हे मला माहीत होतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

पाटावरचा डाग

चवथीच्या दिवशी सकाळी सहाला उठले. न्हाणीत गेले तेव्हा दिसलं. नाण्याएवढा डाग, लालभडक. दुखत काहीच नव्हतं.

डॉक्टरबाईंचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं. आणि मी काय केलं? कापड घेतलं, साडी नीट केली आणि स्वयंपाकघरात येऊन बसले.

माझा हिशोब असा होता. आत्ता सांगितलं तर इस्पितळात नेतील. नेलं तर बाळ काढतील. काढलं तर सोयर. पूजा अकराला. भटजी वेळेवर आले तर बारापर्यंत प्रतिष्ठा होऊन जाईल, एकदा पूजेला सुरुवात झाली की सोयर आलं तरी ती पुरी करता येते. म्हणजे मी फक्त बारापर्यंत काढायचं. मग सांगायचं. डाग छोटा आहे, दुखत नाहीये, पाच-सहा तासांनी काय होतं?

बाबांचा ट्रकचा एक नियम होता. गाडीचा नाद बदलला की जागच्या जागी थांबायचं, घर जवळ आलं म्हणून ओढत न्यायची नाही. लहानपणापासून हजार वेळा ऐकलेला. त्या सकाळी तोसुद्धा आठवला, आणि मी ओढतच राहिले.

मला बसून करायचं काम दिलं होतं, नेवऱ्यांना, म्हणजे आमच्या करंज्यांना, मुरड घालायचं. मुरड माझ्यासारखी कोणाची येत नाही. माई सोवळं नेसून चुलीपाशी तळत होत्या, त्यांना कोणी शिवायचं नव्हतं. तळलेल्या नेवऱ्या त्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात भरत होत्या. नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यातली एकही कोणाला मिळायची नाही. तनू दारातून वास घेत होती. बाहेर बाबल आणि त्याची माणसं माटोळीला शेवटची फळं बांधत होती, वाद घालत होती. सगळी पुरुषमंडळी आरती होईपर्यंत उपाशी. घर इतकं छान दिसत होतं की मला वाटलं, आपण बरोबरच करतोय.

नऊच्या सुमाराला पोटात काही तरी सरकल्यासारखं झालं आणि मांड्यांना ऊब लागली. मी हलले नाही. हातातली नेवरी पुरी केली. माईंनी डबा उचलला, मागे वळल्या आणि माझ्या पाटाकडे बघितलं.

"ह्या काय गो?"

मी साडी पुढे ओढून डाग झाकायला बघितलं.

"शुभा, ह्या कदीपासून?"

"थोडंसंच आहे, माई. पूजा होऊ दे, मग..."

त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. सरळ येऊन माझा दंड धरला. सोवळ्यातल्या हाताने. मला तेवढ्यातही सुचलं ते हेच, मी म्हटलं, "माई, सोवळं!"

"सोवळां गेला चुलीत!" त्या ओरडल्या. आठ वर्षांत मी त्यांना इतकं मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. "विनू! गाडी काढ! आत्ताच्या आत्ता!"

विनू धावत आला. मागोमाग भटजीही दारात उभे राहिले, ते नेमके वेळेच्या आधी आले होते. म्हणाले, "माई, मुहूर्त..."

"गणपती खंय पळता? तो ऱ्हवतलो. हिका ऱ्हवाक येवचा नाय." आणि मला घेऊन त्या गाडीत बसल्या.

न दाखवलेला नैवेद्य

वाटेत मी पूर्ण शुद्धीत होते. चवथीची गर्दी, माटोळीचं सामान घेऊन निघालेल्या स्कूटर, हॉर्नवर हात ठेवून बसलेला विनू. माईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. माझ्या गालाला काही तरी गरम आणि कडक लागत होतं. तो नेवऱ्यांचा डबा होता. एका हाताने त्यांनी मला धरलं होतं, दुसऱ्या हातात डबा होता, तो त्यांनी तसाच गाडीत आणला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

इस्पितळात सगळं भराभर झालं. डॉक्टरबाई धावतच आल्या. "कधीपासून जातंय?"

"आत्ताच, नऊला..."

माईंनी माझा हात दाबला. त्या दाबण्यात काय होतं कोण जाणे, मला खोटं पुढे रेटता आलं नाही. म्हटलं, "सहापासून." माईंनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरबाई वळून सिस्टरला म्हणाल्या, "थिएटर तयार करा. रक्त किती आहे विचारा."

मला आत नेताना भीती वाटली, खूप. मरायची नाही. तनूने विचारलं, आई कशाने गेली, तर विनू तिला काय सांगेल, याची. नेवऱ्यांना मुरड घालत होती म्हणून गेली, असं सांगेल? मग तोंडावर काही तरी ठेवलं आणि मी अंक मोजायला लागले.

यापुढचं मी बघितलेलं नाही. मला ते सहा जणांनी सहा प्रकारे सांगितलं आहे, त्यातलं जुळतं तेवढं लिहिते.

रक्तपेढीत होतं तेवढं माझ्या गटाचं रक्त त्यांनी लगेच वर पाठवलं, पण सणामुळे साठा बेताचा होता. माणसं आणा म्हणाले. विनूने ऑपरेशनच्या दिवसासाठी लिहून ठेवलेली यादी घरच्या कपाटात होती. त्याने बाबलला फोन केला. बाबलने यादी शोधली नाही, आपल्या घुमटाच्या पथकालाच गाडीत घातलं. नऊ माणसं, पूजेसाठी अंघोळ करून, नवे सदरे घालून, मालवाहू पिकअपमध्ये. घुमट आधीच गाडीत चढवलेले होते, ते तसेच आले. इस्पितळाच्या दारावरच्या माणसाने विचारलं, "हें कितें?" बाबल म्हणाला, "घुमट." "आनी तुमी?" "रगत."

रक्तपेढीतल्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, "कितें खाल्लां?"

कोणी काही खाल्लं नव्हतं. चवथ होती. पहाटेपासून चहाशिवाय पोटात काही नाही. "उपाशी पोटार रगत घेनात हांगा," तो म्हणाला. "खावन येयात." कॅन्टीनला चवथीची सुट्टी. रस्त्यापलीकडची दुकानंही बंद. नऊ धट्टीकट्टी माणसं बाकावर बसली आणि एकमेकांकडे बघायला लागली. वर माझं पोट उघडलेलं.

माई कोपऱ्यात बसल्या होत्या. इथेच त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की मांडीवर डबा आहे. विनू सांगतो की त्या थोडा वेळ नुसत्या झाकणाकडे बघत बसल्या. दोन वर्षांनी घरात गणपती आला होता, हा त्याचा पहिला नैवेद्य होता. मग त्यांनी झाकण उघडलं.

"खावा रे."

कोणी हात पुढे करेना. बाबल म्हणाला, "माई, नैवेद्य दाखवक नाय अजून."

"माका शिकवू नको. गणपतीक काय सांगूचा तां मी सांगतंय. खा!"

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बाबलच्या तोंडात नेवरी कोंबली. पुढच्या दहा मिनिटांत डब्याचा तळ दिसला. बाबल अजून म्हणतो की तशी नेवरी त्याने जन्मात खाल्ली नाही, आणि त्या वेळी डोळ्यांतून पाणी येत होतं ते मुरड कडक होती म्हणून.

नऊपैकी सात जणांचं रक्त घेतलं. एकाचा रक्तदाब वाढला होता. सुरेशला परत पाठवलं कारण त्याने दोन महिन्यांपूर्वी किनाऱ्यावर दंडावर गोंदवून घेतलं होतं आणि गोंदवल्यावर काही महिने रक्त चालत नाही. काय गोंदवलं होतं? गणपती. तो बिचारा सगळ्यांना बाही वर करून दाखवत होता की आता सांगा, यात माझी काय चूक. माईंनीही हात पुढे केला. वय जास्त आहे म्हटल्यावर त्या माणसाशी भांडल्या, "माझ्या रगतात काय पाणी घातलां?" बाबलने सुई बघून डोळे घट्ट मिटले आणि पिशवी भरेपर्यंत आरती म्हटली. चवथीची पहिली आरती आमच्या कुळाने अशी रक्तपेढीत केली.

पिशवी

मुलगी झाली. पावणेदोन किलोची. वार सुटली नाही, पिशवी काढावी लागली.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या गळ्यात, हातात, पोटाला नळ्या होत्या. डॉक्टरबाईंनी बाळाचं आधी सांगितलं आणि पिशवीचं मग, हळू आवाजात. मी म्हटलं, बरं. आणि त्या गेल्यावर मला रडू फुटलं. मला तिसरं मूल नको होतं, तरी. कोणी न विचारता घरातली एखादी खोली पाडून टाकावी तसं वाटलं. ज्यांना असं वाटेल त्यांना सांगते, खुशाल रडा. "जीव वाचला ना" हे सगळे म्हणतात आणि ते खरंच असतं, पण त्याने रडू थांबत नाही. वॉर्डातल्या फिलोमिना सिस्टरने मला थांबवलं नाही. पडदा ओढून घेतला आणि म्हणाली, "रड गो बाये, हांव हांगाच आसां." पाच मिनिटांनी पडदा बाजूला करून विचारलं, "जालें? आतां पेज खा."

पेज, तोरांचं म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं, सकाळी सहाला तापमान, आठला पुसापुशी. पाचव्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून मुलीकडे नेलं. काचेच्या पेटीत, नाकात नळी, हाताच्या पंजाएवढं तोंड. मी बोट आत घातलं, तिने धरलं. एवढ्याशा हातात इतकी पकड. मग रोज दर तीन तासांनी दूध काढून द्यायचं, आणि ती आज किती ग्रॅम वाढली हे विचारायचं. पाच ग्रॅम वाढली तरी विनू वाड्यात फोन करायचा.

बाबा डिचोलीहून एक दिवसाआड येत. पहिल्या भेटीत खुर्ची ओढून बसले, बराच वेळ माझा हात धरून राहिले आणि एवढंच म्हणाले, "नाद बदलला होता ना?" मी मान हलवली. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

माई रोज येत. पण माझ्याशी नीट बोलत नव्हत्या. पेज भरवायच्या, केस विंचरायच्या, आणि नजर चुकवायच्या. मला वाटलं, रागावल्या आहेत. सोयर आलंच होतं. मूर्तीची प्रतिष्ठा व्हायच्या आधीच घर सोडलं होतं. दुसऱ्याही वर्षी पूजा नाही, पाटावर नुसती मूर्ती आणि वर माटोळी. आठव्या दिवशी मीच म्हटलं, "माई, माझ्यामुळे गणपती राहिला."

त्यांच्या हातातला चमचा वाटीत पडला.

"तुझ्यामुळे? गो, माझ्यामुळे तू ऱ्हवत नव्हतंस." आणि त्या पहिल्यांदा रडल्या. "मी रोज म्हणी, चवथ झाल्यावर ये म्हणान सांग. तां तू खरां धरलंस. तीन तास बसलंस माझ्या फुड्यात. माका सांगूक तुका भय वाटला. माझां सोवळां इतक्या मोठा झालां?"

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मी तुम्हाला घाबरले नव्हते. तुम्ही मागच्या वर्षी रिकाम्या पाटाकडे बघत बसला होतात ना, ते मला पुन्हा बघायचं नव्हतं."

माईंनी पदराने नाक पुसलं. मग वाटी उचलली. "पेज थंड झाली. आ कर."

म्हणून सांगते बायांनो. तुमच्याही घरात कधी लग्न असेल, कधी बारावा, कधी परीक्षा, कधी पाहुणे. रक्त दिसलं की कोणालाही, ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते त्यालासुद्धा, सांगून टाका. आपण गृहीत धरतो तशी माणसं नसतात. आणि रक्त देणाऱ्यांची यादी कपाटात ठेवू नका, आणि त्यांना सांगा, जेवून या.

एकविसावा दिवस

अकराव्या दिवशी सोयर फिटलं. तो अनंत चतुर्दशीचा दिवस. सगळ्यांचे गणपती समुद्राकडे निघाले आणि आमचा त्या दिवशी बसला. लोक विसर्जनाहून परतताना आमच्या अंगणात थांबून आत डोकावून बघायचे. माटोळीतली फळं सुकली होती, काही गळली होती, माईंनी ती बदलू दिली नाहीत. भटजींनी विचारलं, विसर्जन कधी? आमचा पाच दिवसांचा असतो.

"पोर घराक येय सर खंयच जावचो नाय," माई म्हणाल्या.

भटजी कुरकुरले, पितृपक्ष लागतो म्हणाले. पण एकवीस दिवसांचेही गणपती गोव्यात असतातच, तेव्हा जास्त ताणलं नाही. बाबलचं पथक रोज संध्याकाळी आरतीला यायचं. रोज. शेवटी शेवटी त्याच्या घशातून आवाजाऐवजी हवा यायला लागली, तरी यायचा. आणि रोज आरतीच्या आधी सातही जण रांगेत बसून नेवऱ्या मागायचे. "नैवेद्याच्या आधीची," म्हणायचे, "आता आम्हाला तशीच लागते." सुरेशलाही त्यांनी रांगेत घेतलं, दंडावरच्या गणपतीचा वाटा म्हणून. माई शिव्या घालायच्या आणि वाढायच्या.

मला आधी घरी जाता आलं असतं. मी बाळापाशीच राहिले. विसाव्या दिवशी मुलीचं वजन दोन किलो शंभर भरलं आणि फिलोमिना सिस्टर म्हणाली, "फाल्यां व्हरात हिका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मांद्र्याला पोचलो. अंगणात सगळा वाडा उभा होता आणि चिडीचूप होता. बाळाला आवाज नको म्हणून तनूने सगळ्यांना ओठांवर बोट ठेवायला लावलं होतं. बाबलनेसुद्धा ठेवलं होतं, दुसऱ्या हातात घुमट धरून. कोणी तरी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी टाक्यांवर हात दाबून पायऱ्या चढले.

माईंनी बाळाला माझ्याकडून घेतलं. त्या तेव्हा सोवळ्यात होत्या, पूजेला बसायच्या होत्या. इस्पितळाच्या दुपट्यातल्या पोरीला छातीशी धरून त्या सरळ गणपतीसमोर गेल्या. वर सुकलेली माटोळी, पाटावर एकवीस दिवस बसलेली मूर्ती, रंग जरासा मातकट झालेला. त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला केलं, बाळाचं तोंड देवाकडे वळवलं.

"ही बघ," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी थांबललंस मा? आता जा."

बाळाने जांभई दिली. तनूने ओठांवरचं बोट काढलं आणि मागे वळून बघितलं, तसा बाबलने घुमटावर थाप मारली.